दुपारी चालू, पहाटे बंद : प्रस्तावना

रात्री जेवणं झाल्यावर धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावातून एक फेरी मारावी. घरापुढे, देवळामागे, दूध संकलन केंद्राजवळ लावलेल्या गाड्यांत एखादी पिकअप किंवा जुनी ट्रॅक्स उताराकडे तोंड करून उभी असते. शेजारी सपाट जागा मोकळी असली तरी ती तिथे लावलेली नसते. पुढच्या चाकाला दगड असतो. मालकाला विचारलं तर तो सांगतो, "सकाळी कधी घेते, कधी घेत नाही. उतार असला की ढकलायला माणूस लागत नाही." पहाटे दगड काढायचा, गाडी गडगडू द्यायची, दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा. असं महिनोन् महिने चालतं. दोष गाडीत तसाच राहतो, उतार तो फक्त झाकून ठेवतो. ही पुस्तिका अशा गाड्यांच्या मालकांसाठी, चालकांसाठी आणि गावोगावच्या तरुण फिटरसाठी लिहिली आहे.

मोठ्या शहरात गाडी चालू झाली नाही तर माणूस रिक्षा करून कामाला जातो. आपल्याकडे ती सोय नाही. लोहमार्ग जिल्ह्याच्या थोड्याच भागाला शिवतो, बाकी सगळा व्यवहार रस्त्यावर. परंड्याहून किंवा लोहाऱ्याहून रुग्ण हलवायचा तर बार्शी, धाराशिव, सोलापूर नाही तर लातूर गाठायचं, आणि ते बहुतेकदा रात्री-अपरात्री. भूम-वाशी पट्ट्यातला खवा आणि गावोगावचं दूध वेळेत पोचलं नाही तर त्याचं मोल उरत नाही. तोडलेला ऊस ट्रॉलीत उभा राहिला की वाळत जातो, वजन घटतं आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पावतीवर उतरतं. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, गाड्यांच्या नंबरातला एमएच-२५ मात्र तोच राहिला. त्या नंबराच्या गाड्यांवर इथलं पोट अवलंबून आहे. पहाटे पाच वाजता न उठणाऱ्या इंजिनाला म्हणूनच मी किरकोळ कटकट मानत नाही.

फ्यूज गेला, बेल्ट तुटला, टाकी रिकामी झाली, तर गाडी बंद पडते आणि बंदच राहते. फिटरला ते सोपं असतं, दोष त्याच्यासमोर उभा असतो. अधूनमधून येणाऱ्या दोषाची गोष्ट वेगळी. गाडी पहाटे अडते. मालक कसंबसं चालू करतो, दुधाची फेरी उरकतो आणि अकरा-बाराच्या सुमाराला गॅरेजवर येतो. तोवर इंजिन तापलेलं, बॅटरी वाटेत भरलेली, पाइपात शिरलेली हवा निघून गेलेली. फिटर चावी फिरवतो, गाडी पहिल्या फटक्यात चालू. "काही नाही हिला," तो म्हणतो. मालकाला वाटतं याला कळत नाही, फिटरला वाटतं हा वाढवून सांगतो. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

या पुस्तिकेचं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे की इंजिन लहरी नसतं. हवेतला गारवा, इंजिनची उष्णता, टाकीतल्या डिझेलची पातळी, गाडी उभी करण्याचा उतार, बंद केल्यापासून गेलेला वेळ, पावसाचा ओलावा, रस्त्याचा हादरा यांपैकी काहीतरी जुळून आलं की दोष येतो, जुळलं नाही की येत नाही. ते काय जुळतं हे सापडलं की निम्म्याहून जास्त काम झालं. जुने डॉक्टर हिवतापाच्या रुग्णाला आधी विचारत, थंडी कधी वाजते, ताप किती तास राहतो, किती दिवसांआड येतो. दवाखान्यात आला तेव्हा रुग्णाचं अंग गार असलं तरी त्यांचं अडत नसे. गाडीच्या बाबतीत हे विचारणं फिटरला जमलं पाहिजे आणि चालकाला सांगता आलं पाहिजे. दोष प्रत्यक्ष पाहणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे चालक. माझ्या मते त्याची साक्ष गॅरेजमधल्या स्कॅनरइतकीच मोलाची आहे.

ती साक्ष घेतली जात नाही म्हणून 'बदलून बघू' सुरू होतं. आधी बॅटरी. पंधरा दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग सेलमोटर खोलायची. मग नोझल. मग पंप तालुक्याच्या नाही तर सोलापूरच्या पंपवाल्याकडे पाठवायचा, तो चार दिवसांनी येतो, बिल हजारोंत. शेवटी कुणीतरी बॅटरीची अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करतो आणि गाडी सुधारते. यात फिटरला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याच्यापुढे रांग असते, गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते आणि निदान करण्याचे पैसे द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. नवा भाग डोळ्यांना दिसतो, त्याचे पैसे मागता येतात. अर्धा तास विचार करून, मोजमाप घेऊन एक पट्टी घट्ट केली तर त्याचे पैसे कोण देतो? ते द्यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकेकाळी हे ज्ञान लोकांच्या हातातच होतं. विहिरीवर विजेची मोटर येण्याआधी किर्लोस्करसारखी डिझेल इंजिनं होती. इंजिन हँडल मारून चालू करायचं. डिकॉम्प्रेशनची कळ उचलून चाक फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची, दाबलेली हवा तापायची आणि पहिला ठोका पडायचा. हँडल मारणाऱ्याला त्या दाबावरूनच कळे की रिंगा झिजल्यात, कळ सोडल्यावर चाक अडत नाही म्हणजे कुठून तरी हवा निसटते आहे. मोटारीत विजेवर फिरणारा स्टार्टर १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने आणला, पुढे तो सगळीकडे पसरला आणि बळाचं काम वाचलं. त्याबरोबर हाताला मिळणारी ती बातमीही थांबली. आता ती कानाने आणि डोळ्याने मिळवावी लागते.

त्यासाठी पहिला प्रश्न: चावी फिरवल्यावर सेल कसा फिरतो? दोन अगदी वेगळे आजार इथेच वेगळे होतात. सेल फिरतच नाही किंवा कण्हत फिरतो, हा विजेच्या वाटेवरचा दोष. सेल जोमात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हा इंधनाचा, उष्णतेचा, ठिणगीचा किंवा कॉम्प्रेशनचा दोष. 'गाडी स्टार्ट होत नाही' एवढंच सांगणारा चालक या दोन्हींना एकत्र करतो आणि फिटर चुकीच्या बाजूने खोलायला घेतो. डिझेल इंजिनाला तर सेलचा वेग जास्तच महत्त्वाचा. तिथे ठिणगी नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सेल हळू फिरला की दाबलेल्या हवेला रिंगांच्या बाजूने निसटायला आणि तिच्या उष्णतेला सिलिंडरच्या गार भिंतीत मुरायला वेळ मिळतो. मग पंप, नोझल, सगळं उत्तम असूनही इंजिन उठत नाही. कमजोर सेलमुळे उघडलेल्या पंपांची संख्या कुणी मोजली तर ती मोठी निघेल, याबद्दल मला शंका नाही.

विजेच्या वाटेची तपासणी या पुस्तिकेत सर्वांत सविस्तर दिली आहे, कारण ती स्वस्त आहे, घरी करता येते आणि सर्वांत जास्त टाळली जाते. काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. फिटर भावांना मी सांगेन, धुण्याचं प्रेशर मशीन घेण्याआधी तो घ्या. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू होणार नाही अशी व्यवस्था करून सेल मारायचा आणि बॅटरीच्या खुंट्यांवर पाहायचं. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा सेलमोटर प्रमाणाबाहेर करंट ओढते आहे. आकडा अकराच्या आसपास टिकून आहे आणि सेल तरीही कण्हतो, तर बॅटरी निर्दोष, वीज वाटेत अडते आहे. आता मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या, घासलेल्या धातूवर ठेवून पुन्हा सेल मारायचा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसता कामा नये. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून सेलमोटरच्या जाड नटापर्यंत असंच मोजायचं, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. गाडी उभी असताना वायर तपासली तर ती ठीकच दिसते. जाड वायरीतल्या पन्नास धाग्यांपैकी पाच शिल्लक असले तरी टेस्ट लॅम्प पेटतो. सेल मारताना शेकडो अँपिअर जाऊ लागले की ते पाच धागे हार मानतात. म्हणून मोजमाप भार असतानाच घ्यायचं.

अर्थिंग आपल्याकडे लवकर खराब होतं, त्यालाही कारणं आहेत. पिकअपमधून खताच्या गोण्या जातात. सांडलेलं खत पावसाच्या पाण्यात विरघळून चेसिसवर उतरतं आणि नट-बोल्ट खातं. बॅटरीच्या खुंटीवर साचणारी पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घासून, मग वर ग्रीस लावायचं, एवढं काम वर्षातून दोनदा केलं तरी कितीतरी पहाटा सुखाच्या जातील. आणखी एक. बॅटरी थंडीत दगा देते, पण तिची खरी झीज उन्हाळ्यात होते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. मेमध्ये अर्धी मेलेली बॅटरी डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे पूर्ण मरते आणि खापर थंडीवर फुटतं.

ट्रॅक्टरवर बसवलेले मोठे स्पीकर, जास्तीचे दिवे, हॉर्न, जीपीएस यांच्या जोडण्याही पाहा. सगळं बंद असताना बॅटरीतून पन्नास मिलिअँपिअरपेक्षा फार जास्त करंट वाहत असेल तर दोन-चार दिवस उभी राहिलेली गाडी उठणार नाही. आठवड्यातून एकदाच बाजाराला निघणाऱ्या गाड्यांचा हा नेहमीचा आजार आहे. सेलमोटरवर पान्याने हलकी ठोकर मारली की गाडी चालू होते, हे अनेक चालकांना ठाऊक असतं. ते फिटरला जरूर सांगा. त्या ठोकरीत निदान आहे: सेलमधले कार्बन झिजलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. काही ट्रॅक्टरना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल न घेण्याची सोय असते. तिचा छोटा स्विच अधूनमधून फसतो आणि माणूस सेलमोटर उतरवून बसतो.

सेल जोरात फिरतो आणि इंजिन उठत नाही, असं असेल तर मागे जाऊन धूर पाहायचा. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधून सेल मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतं आहे, पण पेटत नाही. काहीच धूर नसेल तर डिझेल पोचतच नाही. एवढी एक गोष्ट पाहून सांगितली तरी फिटरचं अर्धं काम वाचतं.

पांढरा धूर आणि गार पहाट असा मेळ असेल तर आधी इंजिनची जात बघावी लागते. जुन्या ट्रॅक्समध्ये बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेलं इंजिन आहे, महिंद्राच्या काही जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याने बनलेलं. यांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडत नाही, वरच्या छोट्या कोठीत उडतं. त्या कोठीच्या भिंती गार असल्या की उष्णता शोषून घेतात, म्हणून तिथे हीटर प्लग लागतात. चारपैकी एक हीटर गेला तर इंजिन उठतं पण घटकाभर अडखळत, धूर ओकत चालतं. दोन-तीन गेले की पहाटे उठतच नाही, दुपारी मात्र उत्तम. ट्रॅक्टरमध्ये आणि महिंद्राच्याच डीआय इंजिनच्या जीपमध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडतं, ती आपल्याकडच्या थंडीत हीटरशिवाय उठायला हवीत. त्यांना पहाटे त्रास होत असेल तर सेलचा वेग, कॉम्प्रेशन, नोझल आणि टायमिंग यांकडे वळावं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी दहा अंशांच्या आसपास येतो, त्याहून फार खाली क्वचितच. धडधाकट डीआय इंजिनाला एवढी थंडी अडवत नाही.

धूर नाही, डिझेल पोचत नाही, पण चार-पाचदा हातपंप मारला की चालू होते: इथे हवा शिरते आहे. 'एअर घेतलं' म्हणून फिटर एअर काढून देतो आणि मालक पुन्हा पंधरा दिवसांनी येतो, कारण हवा कुठून शिरली हे कुणी पाहिलेलं नसतं. यावर एक साधी युक्ती आहे. फिल्टरपुढच्या कमी दाबाच्या नळीत पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवायचा आणि रात्री उभ्या राहिलेल्या गाडीत पहाटे बुडबुडे दिसतात का ते बघायचं. मग तुकडा एकेक सांधा मागे सरकवत न्यायचा. तांब्याचे वॉशर, फिल्टरची रबर सील, हातपंपाचा व्हॉल्व्ह, भेगाळलेली नळी, कुठे ना कुठे गुन्हेगार सापडतो. गाडी चढाकडे तोंड करून लावली की डिझेल मागे टाकीकडे ओघळतं आणि दोष येतो, उताराकडे लावली की येत नाही, असंही होतं. तेव्हा उतारावर गाडी लावणाऱ्याने एकदा ती मुद्दाम चढाकडे तोंड करून लावून पाहावी. टाकीतल्या उभ्या नळीला मध्येच भेग असेल तर टाकी अर्धी होईपर्यंत गाडी निर्दोष असते आणि त्याखाली पातळी गेली की हवा ओढू लागते. टाकी भरली की दोष गायब. हा दोष पान्याने सापडत नाही, डिझेल किती होतं याच्या नोंदीनेच सापडतो.

गाडी तासभर चालून अडते, टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा चालू होते, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. आपल्या धुळीत ते सहज बुजतं. कुंभारीण माशी तर अशा भोकांत मातीचं घरच करते. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. वायर पूर्ण तुटत नाही, हादऱ्याने जुळते आणि सुटते. बाजूला ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल ओतायचं असेल तर तळातलं ओतू नका, तिथे पाणी असतं. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा खालचा नट ढिला करून ते सोडणं दोन मिनिटांचं काम आहे.

आता उलट जातीचा दोष. पहाटे उत्तम, पण गाडी तापल्यावर बंद केली की उठत नाही. सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढून आलेली गाडी तळावर लावून माणसं दर्शनाला जातात, परत येतात तर सेल फिरतो, इंजिन नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू. कारखान्याच्या यार्डात वजनकाट्याच्या रांगेत दर थोड्या वेळाने बंद-चालू होणाऱ्या ट्रॅक्टरांची हीच तक्रार असते. बंद केलेल्या इंजिनचं पाणी आणि हवा फिरायची थांबते, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत बॉनेटखालची उष्णता वाढते. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत पंपाचा हेड-रोटर झिजलेला असेल तर गरम, पातळ झालेलं डिझेल त्या फटीतून निसटतं आणि नोझलपर्यंत दाब पोचत नाही. जुन्या फिटरांची याला कसोटी ठरलेली आहे: पंपाच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबायचं. गाडी उठली तर पंप झिजला आहे. बादलीने पाणी ओतू नका, तापलेला धातू एकदम आखडतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत तत्त्व तेच, आकडे मोठे. रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या पुढे दाब गेल्याशिवाय संगणक डिझेल सोडत नाही. एखादा इंजेक्टर परतीच्या नळीतून जास्त डिझेल सोडत असेल तर गरम असताना तो दाब जमत नाही. परतीच्या नळ्यांना छोट्या बाटल्या लावून कुठली लवकर भरते हे पाहिलं की दोषी इंजेक्टर कळतो. चारही बदलायची गरज नसते. क्रँकचा सेन्सरही तापल्यावर गप्प बसतो आणि गार झाल्यावर बोलू लागतो. तिथेही ओलं फडकं उपयोगी पडतं.

पेट्रोल गाड्यांचा भाग या पुस्तिकेत त्या मानाने लहान आहे. दुचाकीचा प्लग, प्लगची टोपी, कॉइल, टॅपेट आणि बॅटरी एवढं क्रमाने पाहिलं की बहुतेक प्रश्न सुटतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि मोटरसायकलींतही इंजेक्शन आलं. पूर्वी बॅटरी उतरली तरी किकवर चालायचं, आता पेट्रोलचा पंपही विजेवर. कारमध्ये पहाटे लांबवर सेल मारावा लागत असेल तर एक करून बघा: सेल न मारता चावी दोन-तीनदा चालू-बंद करा, पंपाचा गुंजारव ऐका, मग सेल मारा. लगेच उठली तर रात्रीत नळीतला दाब ओसरतो आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. इथेनॉल पाणी धरतं. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की वेगळं होऊन तळाशी बसतं. महिनोन् महिने उभ्या गाडीला आणि बाटलीतल्या उघड्या पेट्रोलला त्याचा त्रास होतो. रोज चालणाऱ्या गाडीच्या प्रत्येक दोषाचं खापर मात्र इथेनॉलवर फोडणं मला पटत नाही. मीटर लावल्यावर त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे प्लग आणि बॅटरी दोषी निघतात.

काही गोष्टींपासून मी कळकळीने दूर राहायला सांगतो. हवेच्या नळीपुढे पेटता बोळा धरू नका, ईथरचा फवारा मारू नका. हीटर असलेल्या इंजिनात तो पिस्टन फोडू शकतो. ट्रकच्या चोवीस व्होल्टने बारा व्होल्टची पिकअप चालू करू नका, गाडीचा संगणक जळतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. सर्वांत महत्त्वाचं, कॉमन रेल गाडीचे जाड पाइप इंजिन फिरत असताना ढिले करू नका. जुन्या ट्रॅक्टरवर एअर काढायची ती सवय इथे जिवावर बेतते. चालू इंजिनात हजार बारपलीकडचा दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा.

पुढची प्रकरणं दोषाच्या वेळेनुसार लावली आहेत: पहाटेचे, तापल्यावरचे, पावसातले, उभ्या राहिलेल्या गाडीचे. भागांच्या नावाने पुस्तिका रचली असती तर वाचकाला आधीच कुठला भाग खराब आहे हे ठाऊक असावं लागलं असतं. दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. स्कॅनर वापरायला हरकत नाही, मात्र त्यात कोड आला नाही म्हणजे गाडी निर्दोष, असं समजू नये. भेगाळलेली नळी आणि सैल अर्थिंग यांचा कोड नेहमी येतोच असं नाही. इंजिन उघडण्याची कामं, पंपाचं कॅलिब्रेशन, संगणकाची दुरुस्ती मी मुद्दाम घेतलेली नाहीत. ती जाणकाराकडेच द्यावीत.

शेवटची पानं रेघा मारून कोरी ठेवली आहेत. गाडी अडली त्या वेळीच ती भरायची, रात्री आठवून नव्हे. तारीख, वेळ, हवा कशी होती, गाडी किती तास उभी होती, कुठल्या तोंडाने उभी होती, टाकीत किती होतं, सेल कसा फिरला, दिवे मंद झाले का, धूर होता का, कसला, आणि शेवटी काय केल्यावर चालू झाली. दोष आला नाही त्या पहाटेचीही एक ओळ लिहा, दोन्ही ओळी शेजारी ठेवल्यावरच फरक दिसतो. चार-पाच नोंदी झाल्या की गॅरेजला जा, जमलं तर आदल्या रात्रीच गाडी तिथे लावून या आणि पहाटे फिटरला पहिला सेल स्वतः मारू द्या. तपासणीचे पैसे वेगळे द्या. पुस्तिका गाडीतल्या कप्प्यातच ठेवा, सोबत पेन्सिल बांधून ठेवा. उन्हाळ्यात गाडीतलं पेन वाळून जातं.